वैमानिकाच्या वहींतील तास

प्रत्येक विद्येचें मोजमाप निराळें असतें. वेदपाठ करणारा पदावर थांबला, क्रमापर्यंत गेला कीं घनान्तापर्यंत पोंचला, यावरून त्याची योग्यता ठरे. वकिलास सनद लागते, वैद्यास पदवी लागते. वैमानिकासहि परीक्षा आहेत आणि त्या सोप्या नाहींत. आपल्याकडे प्रत्येक विषयांत शेंकडा ७० गुण मिळवावे लागतात. परंतु परीक्षा उतरून तो कोठें नोकरीस गेला, म्हणजे त्याला प्रथम विचारतात तें एवढेंच : "तास किती झाले?" दीडदोनशें माणसें पाठीशीं घेऊन जो आकाशांत चढतो त्याची लायकी अशी घड्याळाच्या मापानें मोजतात, हें पहिल्यानें ऐकलें तेव्हां आम्हांस नवल वाटलें.

विषय आमच्या वयास आणि विद्येस शोभणारा नाहीं, असें कोणी म्हणेल. आम्हीं जन्मभर शाळेंत रूपावली आणि समासचक्र शिकविलें. विमानांत बसण्याचा योग दोनचार वेळांच आला. परंतु आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव विमानविद्या शिकावयास गेले, आणि तेव्हांपासून घरांत एक नवीच भाषा सुरू झाली आहे. फोन आला कीं आमच्या वृद्ध मातोश्रीसुद्धां "जेवलास का?" याच्या आधीं "तास किती झाले रे?" असें विचारतात. शिक्षणाचा खर्च पन्नास लाखांच्या पुढेंमागें. तेवढ्यासाठीं वडिलार्जित जमिनीचा तुकडा विकावा कीं बँकेचें कर्ज काढावें, याचा खल चार भावांत दोन रात्रीं चालला. शेवटीं जमीन राहिली आणि कर्ज निघालें. जामीन म्हणून सही ज्येष्ठाची, म्हणजे आमचीच, लागणार होती. तेव्हां ज्या मालासाठीं एवढी रक्कम मोजावयाची तो माल तरी काय आहे हें पाहावें, म्हणून आम्हीं सर्व नियम मुळापासून वाचून काढले. ज्या घरांतून आज कोणी मुलगा किंवा मुलगी "मी वैमानिक होणार" म्हणून हट्ट धरून बसली असेल, त्या घरांतील वडील मंडळींस या वाचनाचा उपयोग होईल असें वाटतें.

प्रथम तास म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. विमान जमिनीवरून उचललें आणि पुन्हा जमिनीस लागलें, तेवढाच काळ उड्डाणाचा असें आपण समजतों. शास्त्राची व्याख्या तशी नाहीं. उड्डाणाच्या हेतूनें विमान जाग्यावरून प्रथम हललें त्या क्षणापासून, उड्डाण संपवून तें शेवटीं स्थिर झालें त्या क्षणापर्यंतचा सर्व काळ उड्डाणकाळ होय. म्हणजे धांवपट्टीच्या तोंडाशीं आपली पाळी येण्याची वाट पाहत विमान रांगेंत रखडलें, तर तींहि मिनिटें वहींत जमा होतात. या वहीस लॉगबुक म्हणतात. तींत तारीख, विमानाची जात, त्याच्या अंगावरील नोंदणीचीं अक्षरें, कोठून कोठें गेला, कितीला निघाला, कितीला थांबला, असे रकाने असतात; आणि त्यांच्यापुढें जे रकाने असतात तेच महत्त्वाचे. शिक्षक शेजारीं बसून झालेला तास एका रकान्यांत, विमानाचा प्रमुख या नात्यानें स्वतःच्या जबाबदारीवर केलेला दुसऱ्यांत, रात्रीचा तिसऱ्यांत, केवळ यंत्रांकडे पाहून केलेला आणखी एका रकान्यांत.

आपल्या देशांत व्यापारी वैमानिकाचा परवाना मिळण्यास वय १८ वर्षांचें आणि उड्डाण एकंदर २०० तासांचें लागतें. लोक हा २०० चा आंकडा तेवढा लक्षांत ठेवतात. पण त्याचें पोट उघडून पाहिलें पाहिजे. त्यांतील १०० तास विमानाचा प्रमुख म्हणून झालेले असावे लागतात. त्यांत २० तास एका गांवाहून दुसऱ्या गांवीं जाण्याचे, आणि त्यांतहि एक प्रवास निदान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे साडेपांचशें किलोमीटरांहून कांहींसा अधिक, वाटेंत दोन निरनिराळ्या विमानतळांवर उतरून पुरा केलेला. रात्रीचे ५ तास, त्यांत १० उड्डाणें आणि १० अवतरणें. यंत्रांच्या आधारें १० तास. त्यांतील ५ पर्यंत जमिनीवरील सिम्युलेटरांत झाले तरी चालतात.

या शेवटच्या दहा तासांविषयीं थोडें अधिक लिहितों, कारण सर्व विद्येचें मर्म आम्हांस तेथें दिसलें. विमान ढगांत शिरलें म्हणजे बाहेर क्षितिज उरत नाहीं. अशा वेळीं मनुष्याच्या कानांतील तोल सांभाळणारें इंद्रिय त्याला फसवितें. विमान हळूहळू एका अंगावर कलून वळत असतें, आणि शरीर सांगतें कीं आपण सरळ जात आहों. यंत्राकडे पाहून तें सरळ केलें, तर शरीर ओरडून सांगतें कीं आपण दुसऱ्या अंगावर कोसळलों. जो शरीराचें ऐकतो तो मरतो. म्हणून शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर झांपड बांधतात, बाहेरचें कांहीं दिसूं देत नाहींत, आणि समोरच्या तबकड्यांवर विश्वास ठेवण्याची संवय लावतात. आमच्या नैयायिकांनीं प्रत्यक्ष हें पहिलें प्रमाण मानलें. ढगांत गेलेल्या वैमानिकास तेंच प्रथम सोडावें लागतें. अशा एका तासाची आणि निरभ्र सकाळीं विमानतळाभोंवतीं घिरट्या घातलेल्या एका तासाची बेरीज वहींत दोनच होते, हें मात्र विसरतां कामा नये.

हे २०० तास होण्यास किती दिवस लागतात याचा नेम नाहीं. महाराष्ट्रांत गोंदियाजवळ बिरसी येथें, बारामतीस आणि धुळ्यास उड्डाण शिकविणें चालत आलें आहे. पावसाळ्यांत दिवसचे दिवस विमान बाहेर निघत नाहीं. हिवाळ्याच्या सकाळीं धुकें असतें. विमान दुरुस्तीस गेलें तर दुसरें मोकळें नसतें. मुलें तळावर बसून आकाशाकडे पाहत राहतात आणि घरचे लोक व्याजाकडे. म्हणून पुष्कळ जण अमेरिकेस किंवा दक्षिण आफ्रिकेस जाऊन तास पुरे करून येतात आणि मग येथें परवाना बदलून घेतात.

मुंबईस ही विद्या कांहीं आजची नाहीं. जुहूच्या मैदानावर बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ सालीं निघाला, आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजीं जहांगीर रतनजी टाटा यांस भारतांत दिला गेलेला पहिला परवाना मिळाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन ते अहमदाबादमार्गें जुहूस उतरले, तें एकच यंत्र असलेल्या पस मॉथ जातीच्या विमानांतून. त्या काळीं तासांची ओढ असणारे थोडे. पण ज्यांना ती होती त्यांची कथा हृदयास चटका लावते. लाहोरास सरला ठकराल या बाईंनीं १९३६ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, साडी नेसून एकटीनें जिप्सी मॉथ उडविलें. पदरीं लहान मुलगी होती. पुढें त्यांनीं १००० तास पुरे केले. पती वैमानिक, १९३९ सालीं ते अपघातांत गेले. दुःख गिळून बाई व्यापारी परवान्यासाठीं जोधपुरास शिकावयास गेल्या, तोंच महायुद्ध पेटलें आणि नागरी शिक्षण बंद पडलें. हजार तास वहींत राहिले, नोकरी मिळाली नाहीं. पुढें त्यांनीं चित्रकला आणि वस्त्रालंकारांचा व्यवसाय केला. अशा अडलेल्या वाटेवरून पुढें जाणाऱ्यांत आपल्याकडील सौदामिनी देशमुख यांचें नांव घेतलें पाहिजे. तेव्हांच्या इंडियन एअरलाइन्समध्यें १९८५ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्याहून सिलचरला गेलेल्या फोकर विमानाच्या त्या कप्तान होत्या, आणि शेजारीं सह-वैमानिक निवेदिता भसीन. पुढें-मागें पुरुष नव्हता.

आतां मुख्य वादाकडे येतों. २०० तासांचा परवाना हातीं आला, एका विशिष्ट जातीच्या मोठ्या विमानाचें शिक्षण निराळें झालें, म्हणजे आपल्या देशांतला तरुण प्रवासी विमानांत सह-वैमानिकाच्या जागीं बसूं शकतो. युरोपांतहि स्थूलमानानें असेंच आहे. कप्तान होण्यास जो वरचा परवाना लागतो त्याला मात्र १५०० तास हवे. अमेरिकेंत याच्या उलट आहे. तेथें सह-वैमानिकासहि १५०० तास झाल्याशिवाय नियमित प्रवासी विमानांत पाऊल टाकतां येत नाहीं. सैन्यांतून आलेल्यास ७५० वर सूट मिळते, विमानविद्येची चार वर्षांची पदवी घेतलेल्यास १००० वर, दोन वर्षांची घेतलेल्यास १२५० वर. विमान तेंच, आकाश तेंच. मग एका देशांत जो २०० तासांचा तरुण लायक तो दुसऱ्यांत नालायक कां?

याचें उत्तर २००९ या एका वर्षांत सांपडतें. १५ जानेवारी रोजीं न्यूयॉर्कहून निघालेल्या विमानाच्या दोन्ही यंत्रांत पक्षी शिरले आणि दोन्ही बंद पडलीं. कप्तान सलनबर्गर यांनीं विमान हडसन नदींत अलगद उतरविलें व १५५ चे १५५ जीव वांचले. त्यांचे तास वीस हजारांच्या घरांत होते. सह-वैमानिकाचेहि पंधरा हजारांवर होते. पण ज्या जातीचें विमान त्या दिवशीं हातांत होतें तिच्यावर त्याचे अवघे ३७. चार आठवड्यांनीं, १२ फेब्रुवारीच्या रात्रीं, न्यूअर्कहून बफेलोस जाणारें एक लहानसें प्रवासी विमान उतरण्याच्या तयारींत असतां एका घरावर कोसळलें. विमानांतील ४९ आणि घरांतील एक, अशीं ५० माणसें गेलीं. आणि १ जूनच्या रात्रीं रिओहून पॅरिसला निघालेलें फ्रान्सचें मोठें विमान अटलांटिक समुद्रांत पडलें. त्यांत २२८ गेले.

नंतरचे दोन्ही अपघात एकाच जातीचे होते. पंखाचा समोरून येणाऱ्या हवेशीं होणारा कोन मर्यादेबाहेर वाढला, म्हणजे पंखाला धरून वाहणारी हवा सुटते आणि पंखाचा आधार एकाएकीं जातो. यास स्टॉल म्हणतात. यंत्र चालूच असतें. पंख निकामी होतो. उपाय एकच : दांडा पुढें ढकलून विमानाचें नाक खालीं करावयाचें, म्हणजे हवा पुन्हा पंखास धरते. खालीं पडत असतां नाक आणखी खालीं करावयाचें, हें मनुष्यस्वभावाच्या अगदीं उलट. बफेलोच्या कप्तानाच्या हातांतील दांडा धोक्याची सूचना म्हणून थरथरूं लागला, आणि त्यानें तो पुढें ढकलण्याऐवजीं मागें ओढला. अटलांटिकावर वेग दाखविणाऱ्या नळ्या बर्फानें बुजल्या, यंत्रांत गोंधळ झाला, आणि विमान चालविणाऱ्या तरुणानें नाक वर धरून ठेवलें तें जवळजवळ शेवटपर्यंत.

बफेलोच्या मृतांच्या नातेवाइकांनीं वॉशिंग्टनचे उंबरठे झिजविले. १ ऑगस्ट २०१० रोजीं कायदा झाला आणि २०१३ पासून १५०० तासांचा नियम अमलांत आला. त्यापूर्वीं तेथें २५० तासांचा परवानाधारकहि सह-वैमानिक होऊं शके. आतां गंमत अशी, कीं त्या रात्रीच्या कप्तानाचे तास तीन हजारांवर होते आणि त्याच्या सहकारिणीचे दोन हजारांवर. ज्या अपघातामुळें नियम झाला, त्यांतील दोघेहि त्या नियमाच्या कसोटीस सहज उतरले असते! अटलांटिकावरील तिघांत जो सर्वांत नवखा, त्याचेहि सुमारें तीन हजार झाले होते.

यावरून नियम निरर्थक, असें आम्ही म्हणणार नाहीं. बफेलोचा कप्तान त्या कंपनींत आला तेव्हां त्याच्या वहींत सहाशेंच्या आसपास तास होते, आणि पुढें-मागें अनेक चांचण्यांत तो प्रथम नापास झाला होता. त्याच कायद्यानें वैमानिकाच्या साऱ्या मागील चांचण्यांचा इतिहास नव्या मालकास पाहतां यावा अशी तरतूद केली, आणि पुढील नियमांनीं स्टॉल व उलटलेलें विमान सांवरण्याचा खास सराव प्रवासी वैमानिकांस बंधनकारक केला. आम्हांस हा भाग १५०० च्या आंकड्याहून मोलाचा वाटतो. पण आंकडा लोकांच्या तोंडीं बसतो; सराव कोणाच्या लक्षांत राहत नाहीं.

मग २५० पासून १५०० पर्यंतचे तास अमेरिकेंतील तरुण मिळवितो कोठून? कोणी शेपटीस जाहिरातीचें कापड बांधून समुद्रकिनाऱ्यावरून विमान फिरवितो, कोणी छत्रीनें उड्या घेणाऱ्यांस वर नेऊन सोडतो, कोणी तेलाच्या नळांवर आकाशांतून पहारा करतो. दोन मित्र खर्च वांटून घेऊन एक युक्ति करतात : एकानें डोळ्यांवर झांपड घालून विमान चालवावयाचें, दुसऱ्यानें संरक्षक म्हणून बाहेर पाहत बसावयाचें, आणि तो एक तास दोघांनींहि आपापल्या वहींत प्रमुख म्हणून लिहावयाचा. नियमाची त्यास मुभा आहे. एका तासाचे दोन तास करणारें हें गणित आमच्या शाळेंत मात्र चुकीचें धरलें असतें.

परंतु बहुतेक जण शिक्षक होतात. तीनशें तासांचा शिक्षक साठ तासांच्या शिष्यास शिकवितो, आणि शिष्य चालवीत असतां गुरूच्या वहींत तास जमा होतो. या व्यवस्थेस लोक हंसतात; आम्ही हंसणार नाहीं. वर्गापुढें उभें राहिल्याशिवाय आम्हांस स्वतःस कारकप्रकरण नीट कळलें नव्हतें. शिष्य नाना तऱ्हांनीं चुकतो, आणि विमान जमिनीस आपटण्यापूर्वीं, पण त्याला चूक करूं दिल्यानंतर, हात कधीं घालावयाचा हें ज्याला समजलें त्याच्या तासांत कस आहे. दुखणें एकच, कीं १५०० पुरे होतांच गुरुजी उठून जातात. ज्याची नजर शिष्याच्या हातांहून स्वतःच्या बेरजेवर अधिक, असा शिक्षक आम्हीं जमिनीवरच्या शाळांतूनहि पाहिला आहे. आणि निरभ्र आकाशांत त्याच तळाभोंवतीं हजार फेऱ्या घातल्या, तर संध्या करणाऱ्याच्या जिभेवर मंत्र आणि लक्ष चुलीवरच्या दुधाकडे, अशीच गत.

आतां अप्रिय भाग. आमच्या बंधूंनीं एका रात्रीं हिशेब मांडला : पन्नास लाखांस २०० नें भागलें तर तासास पंचवीस हजार पडतात. जेथें एक तास इतका महाग, तेथें तो न उडतां लिहून टाकण्याचा मोह होणारच. वैमानिकांत अशा तासांस फार दिवसांपासून 'पार्कर'चे तास म्हणतात. पार्कर ५१ या नांवाची टांकाची लेखणी १९४१ सालीं निघाली, आणि महायुद्धांत पी-५१ नांवाचें नामांकित लढाऊ विमान होतें. त्यावर अमेरिकन वैमानिकांनीं केलेला हा श्लेष. आपल्याकडे २०११ सालीं बनावट गुणपत्रिकांवर परवाने घेतल्याचीं प्रकरणें उघडकीस आलीं, वैमानिकांस अटक झाली, आणि उड्डाणशाळांतील तासांच्या नोंदीहि तपासाव्या लागल्या. खोटा तास लिहिणें सोपें दिसतें, पण तो एकटा राहत नाहीं. विमानाची स्वतःची वही असते, यंत्राजवळ तास मोजणारें घड्याळ असतें, इंधन किती भरलें याची पावती असते, मनोऱ्यावर निघाल्याउतरल्याची वेळ लिहिलेली असते. पांच खोट्या तासांस या सर्वांनीं साक्ष द्यावी लागते. म्हणून असें पाप विद्यार्थ्यास एकट्यानें करतां येत नाहीं; शाळेचा हात लागतो. मुलास घालण्यापूर्वीं पालकांनीं शाळेची इमारत पाहण्यापेक्षां तिच्याजवळ उडण्याजोगीं विमानें किती व विद्यार्थी किती, गेल्या वर्षीं एका मुलास सरासरी महिन्यास किती तास मिळाले, आणि रात्रीच्या व यंत्रांवरील तासांची सोय काय, हें तेथील जुन्या मुलांस विचारावें. आम्हीं विचारलें, दोन ठिकाणीं उत्तर मिळालें नाहीं, आणि तीं दोन ठिकाणें आम्हीं सोडलीं.

तास शिळेहि होतात. परवान्यासाठीं लागणाऱ्या प्रमुखाच्या १०० तासांपैकीं निदान १५ मागील सहा महिन्यांतले लागतात; दोन वर्षांपूर्वींच्या पुंजीवर आज परवाना मिळत नाहीं. परवाना घेऊन नोकरीवांचून घरीं बसलेल्या मुलाची खरी अडचण ही : त्याला उडण्यासाठीं पुन्हा पैसा मोजावा लागतो. कर्ज काढणाऱ्यानें या रिकाम्या महिन्यांचाहि खर्च आधींच धरलेला बरा. उलट एकदां नोकरी लागली, कीं जो तास विकत घ्यावा लागत होता त्याबद्दल वेतन मिळूं लागतें, आणि मग नियम दुसऱ्या बाजूनें येतो. थकलेला वैमानिक धोक्याचा, म्हणून एका वर्षांत १००० तासांहून अधिक उडण्यास मनाई आहे. तेथून १५०० चा पल्ला गांठण्यास सह-वैमानिकास साधारण दोन वर्षें लागतात, आणि पुढें कप्तान केव्हां करावयाचें तें कंपनी ठरविते.

नोंदी आतां संगणकावरहि ठेवाव्या लागतात. तरी हातानें लिहिलेली वही सुटली नाहीं. आम्हीं ती मागवून पाहिली. अक्षर वाईट आहे, तें लहानपणापासून तसेंच. पान भरलें म्हणजे प्रत्येक रकान्याची बेरीज तळाशीं मांडून पुढल्या पानाच्या माथ्यावर 'मागील पानावरून' म्हणून घ्यावयाची, अगदीं वाण्याच्या खतावणीसारखी. तिसऱ्या पानावर एका ठिकाणीं १.४ चे १.२ केलेले दिसले. चुकलेला आंकडा खरवडलेला नव्हता, त्यावर एक सरळ रेघ होती, वर बरोबर आंकडा, आणि शेजारीं शिक्षकाची आद्याक्षरें.